निदानानंतरचे सहा महिने

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयातील एक लिपिक तीन-चार वर्षांपूर्वी एके दुपारी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हातात परीक्षेचे कागद होते. पण बोलणे निघाले ते घरचे. मुलगा अडीच वर्षांचा झाला, अजून बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, फिरत्या पंख्याकडे मात्र तासन्‌तास टक लावून बसतो, असे ते सांगू लागले. मी अर्थशास्त्र शिकवतो. बालरोगांशी माझा काडीइतकाही संबंध नाही. तरीही क्षणाचा विलंब न लावता मी उत्तर दिले, "अहो, मुलगे उशिराच बोलतात. माझा भाचा साडेतीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, आज वकिली करतो." त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेला सुटकेचा भाव मला अजून आठवतो. असेच धीराचे शब्द त्यांना त्यांच्या सासऱ्यांनी, शेजाऱ्यांनी आणि घरच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही दिले असल्याचे पुढे कळले. ह्या सुटकेपायी आठ महिने गेले. मग कानांची तपासणी झाली. कान उत्तम होते. अखेर शहरातील तज्ज्ञांनी 'ऑटिझम', म्हणजे आपण मराठीत जिला स्वमग्नता म्हणतो ती अवस्था, असल्याचे लिहून दिले तेव्हा मुलगा सव्वातीन वर्षांचा झाला होता.

ह्या अवस्थेविषयी अलीकडे वर्तमानपत्रांतून बरेच लिहून येते आणि ते योग्यच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात दर १२७ माणसांमागे एकजण ऑटिझम असलेला होता. तेव्हा हा काही दुर्मीळ प्रकार नव्हे. परंतु जे लिहिले जाते ते बहुधा मुलासंबंधी असते. निदानाची चिठ्ठी हातात पडल्यापासूनचे पहिले काही महिने त्या मुलाचे आईबाप कसे काढतात, आणि त्या काळात त्यांच्याभोवतीच्या आपणा सर्वांची वागणूक कशी असते, ह्याकडे क्वचितच लक्ष जाते. प्रस्तुत लेखकाचे लक्ष गेले तेही स्वतःच्या चुकीमुळे.

हात मोडला तर प्लास्टर घालतात आणि ते कोणत्या तारखेला काढायचे हेही सांगतात. क्षयासारख्या आजाराला ठरावीक महिन्यांचा औषधक्रम असतो. येथे तसे काहीच नाही. रक्ताची तपासणी नाही, मेंदूच्या छायाचित्रात दिसणारा डाग नाही. मुलाचे वागणे पाहून आणि आईबापांना प्रश्न विचारूनच निदान करावे लागते. औषधाने ही अवस्था जात नाही, कारण ती रोग नसून मेंदूच्या घडणीची एक वेगळी रीत आहे. आमच्या सहकाऱ्यांना मिळालेल्या चिठ्ठीवर वाचोपचार, व्यवसायोपचार आणि 'तीन महिन्यांनी दाखवणे' एवढेच लिहिलेले होते. वीस मिनिटांत ती भेट संपली. त्यानंतर ते पतिपत्नी रिक्षात बसून घरी आले, आणि दाराशी वाट पाहणाऱ्या आजीला काय सांगायचे हे दोघांनाही सुचेना.

ह्या शब्दानेच पहिली अडचण होते. 'ऑटॉस' म्हणजे स्वतः, ह्या ग्रीक शब्दावरून स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हा शब्द घडवला, तोही दुसऱ्याच एका विकाराच्या संदर्भात. बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली आणि तो शब्द ह्या अवस्थेला कायमचा चिकटला. 'स्वमग्न' हा त्याचा मराठी अवतार कानाला गोड आहे खरा, पण त्यातून मूल आपणहून स्वतःत रमले आहे असा भास होतो. नातेवाईक त्याचा अर्थ हट्टी किंवा लाडावलेला असा घेतात. वस्तुतः ह्यांतील कितीतरी मुलांना माणसे हवी असतात; माणसांपर्यंत पोचण्याची जी वाट इतर मुलांना न शिकवता सापडते, ती त्यांना सापडत नाही. शब्द बदलणे आता कोणाच्या हाती नाही. परंतु घरच्या माणसांना हा भेद प्रथमच समजावून सांगितला तर निम्मी कटुता टळू शकेल.

कटुता येते ती दोषाच्या वाटपातून. कॅनर यांनीच १९४० च्या दशकाच्या अखेरीस अशा मुलांच्या आईबापांच्या थंडपणाला शीतपेटीची उपमा दिली, आणि बाहेरून मायाळू पण आतून गोठलेल्या आईमुळे मूल असे होते, ही समजूत पाश्चात्त्य देशांत पसरली. शिकागोचे ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये एक जाडजूड ग्रंथ लिहून तिला विद्वत्तेची प्रतिष्ठा दिली. एका संपूर्ण पिढीतील आयांनी ह्या सिद्धांताची शिक्षा भोगली. त्याला पहिला मोठा धक्का दिला तो बर्नार्ड रिमलँड यांनी, १९६४ मध्ये. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि अशाच एका मुलाचे वडीलही. १९७७ मध्ये ब्रिटनमधील जुळ्या मुलांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा वाटा किती मोठा आहे ते दिसू लागले. खुद्द कॅनर यांनी १९६९ साली पालकांच्या सभेत उभे राहून त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले.

आपल्याकडे बेटेलहाइम कोणी वाचलेला नाही. तरीही आमच्या सहकाऱ्यांच्या पत्नीला पहिल्या पंधरा दिवसांत जे ऐकावे लागले ते त्याच जातीचे होते. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, नोकरी सोडली नाही, मुलाच्या हाती मोबाइल दिला, घरात माणसे कमी म्हणून बोलणे कमी. एका बाईंनी तर सातव्या महिन्यात केलेला प्रवासही हिशेबात धरला. ह्यातील एकाही गोष्टीने ऑटिझम होतो असा पुरावा नाही. मोबाइल लहान मुलाच्या हाती नसावा हे खरेच. पण तो वेगळा प्रश्न आहे. विशेष म्हणजे ह्या सर्व आरोपांत वडिलांचे नाव कोठेही नव्हते. वडील त्या दिवसांत कार्यालयात संध्याकाळी सात-सात वाजेपर्यंत बसू लागले होते. आम्ही सर्वांनी त्यांच्या कार्यतत्परतेचे कौतुक केले. त्यांना घरी जाववत नव्हते, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नाही.

दोषारोपाच्या पाठोपाठ उपाय येतात. येथे मात्र अर्थशास्त्राच्या शिक्षकाला चार शब्द बोलण्याचा अधिकार असावा. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेच्या बाजारावर लिहिलेला निबंध आमच्या विषयात प्रसिद्ध आहे. ग्राहकाला मालाची पारख नसते, विक्रेत्याला ती असते, आणि गरज पडते ती माणूस सर्वांत हतबल असताना. म्हणून हा बाजार भाजीबाजारासारखा चालत नाही, असे त्याचे थोडक्यात सूत्र. निदानानंतरच्या महिन्यांत ऑटिझमच्या उपचारांचा जो बाजार आईबापांपुढे उघडतो, त्याला हे सूत्र तंतोतंत लागू पडते. त्यात आणखी एक वैगुण्य आहे. माल विकत घेतल्यावरही तो चांगला होता की वाईट हे कळत नाही. कारण मूल वाढतच असते. तीन वर्षांचे मूल चार वर्षांचे होताना, काहीही न करता, चार गोष्टी नव्याने शिकते. आणि त्या वर्षी जो उपाय चालू असेल तो त्याचे श्रेय घेऊन जातो. अंगारा असो, विशेष आहार असो वा लाखो रुपयांची इंजेक्शने असोत, प्रत्येकाच्या बाजूने साक्ष देणारे प्रामाणिक पालक त्यामुळेच सापडतात. ते खोटे बोलत नसतात; तुलनेसाठी त्यांच्यापाशी दुसरे तेच मूल नसते, इतकेच.

ह्या बाजारात केवळ पैसाच जातो असे नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात २००५ मध्ये शरीरातील जड धातू बाहेर काढण्याचे औषध शिरेतून देत असताना ऑटिझम असलेला पाच वर्षांचा मुलगा दगावला. मूळपेशींच्या उपचारांची जाहिरात आपल्या शहरांतूनही होत आली आहे. परंतु भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्ताचे काही विकार वगळता इतरत्र, रीतसर मान्यता मिळालेल्या चाचण्यांबाहेर, अशा उपचारांना जागा दिलेली नाही. लसीमुळे ऑटिझम होतो हा समज ज्या निबंधामुळे पसरला तो १९९८ चा, अवघ्या बारा मुलांवर आधारलेला निबंध 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला आणि त्याच्या प्रमुख लेखकाचे नाव त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. तरीही धाकट्या भावंडाला लस द्यावी की नाही, असा प्रश्न आजही विचारला जातो. तेव्हा अशा घरी सांत्वनाला जाताना कोणा स्वामींचा पत्ता, कोणा वैद्याची पुडी किंवा कोठेतरी वाचलेल्या चमत्काराची बातमी बरोबर नेऊ नये. आपण ती प्रेमाने नेतो हे खरे, पण तिची किंमत ते मोजतात.

आता घरच्या जमाखर्चाकडे वळू. आमच्या सहकाऱ्यांना वाचोपचाराच्या एका बैठकीला सहाशे रुपये पडू लागले. आठवड्यातून चार बैठका धरल्या तर चार आठवड्यांचे नऊ हजार सहाशे रुपये, रिक्षाभाडे वेगळे. लिपिकाच्या पगारात हा आकडा लहान नाही. तथापि सर्वांत मोठा खर्च कोणत्याच पावतीवर आला नाही. त्यांच्या पत्नी एका खासगी प्राथमिक शाळेत चौदा हजार रुपयांवर शिकवीत होत्या. उपचाराची वेळ सकाळी अकराची. त्यांनी तिसऱ्या महिन्यात राजीनामा दिला. दरमहा नऊ हजारांच्या खर्चाची घरात रोज चर्चा होई. चौदा हजारांच्या उत्पन्नाची एकदाही झाली नाही, कारण आईने नोकरी सोडणे हा खर्च आहे असे कोणाला वाटलेच नाही. आणि पैशापेक्षाही, ज्या शाळेत त्यांना 'बाई' म्हणून मान होता, दिवसातले सहा तास ज्या ठिकाणी त्या कोणा आजारी समजल्या गेलेल्या मुलाची आई नव्हत्या, ती जागा गेली.

ह्या बाबतीत कायदा समाजाच्या थोडा पुढे गेला आहे. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या ७३० दिवसांच्या बालसंगोपन रजेला अपंग अपत्याच्या बाबतीत वयाची अट राहिलेली नाही. हिमाचल प्रदेशातील शासकीय महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेला जन्मतः हाडांचा विकार असलेल्या मुलासाठी अशी रजा नाकारण्यात आली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये, स्त्रियांचा नोकरीतील सहभाग हा घटनात्मक कर्तव्याचा भाग असल्याचे स्पष्ट करून राज्य सरकारला धोरणाचा फेरविचार करायला लावले. अर्थात खासगी शाळेतील शिक्षिकेला ह्याचा उपयोग नाही. तेथे एखाद्या मुख्याध्यापकाने सकाळचे दोन तास बदलून दिले असते तर काम भागले असते.

भाषेसंबंधी एक गोष्ट जरा विस्ताराने सांगण्यासारखी आहे, कारण मराठी घरांत ती वारंवार घडते. मुलगा पुढे इंग्रजी शाळेत जाणार, उपचारही इंग्रजीतून चालतात, तेव्हा 'घरात एकच भाषा ठेवा, इंग्रजीच बोला', असा सल्ला आमच्या सहकाऱ्यांना मिळाला. आईबापांनी तो निष्ठेने पाळला. 'कम', 'सिट', 'गिव्ह' असे तुटक शब्द घरात घुमू लागले. आजीला इंग्रजी येत नव्हते. दिवसाचा मोठा भाग ज्या माणसाच्या मांडीवर ते मूल असे, तेच माणूस गप्प झाले. आपण बोललो तर नातवाचे नुकसान होईल, ह्या भीतीने त्या माउलीने झोपवतानाची गाणीसुद्धा बंद केली. गेल्या पंधरा-वीस वर्षांत निरनिराळ्या देशांत झालेल्या अभ्यासांतून, दोन भाषा कानांवर पडल्यामुळे अशा मुलांच्या भाषेची हानी होते असे आढळलेले नाही. उलट आईबापांना जी भाषा सहज येते तिच्यातूनच मुलाशी खेळणे, चिडवणे, समजूत घालणे शक्य असते. ज्या मुलाला माणसांशी नाते जोडणे अगोदरच अवघड, त्याच्याशी आपण परक्या भाषेत, तीही अर्धवट येणाऱ्या, बोलावे ह्यात कोणते शहाणपण आहे? दुसऱ्या एका तज्ज्ञ बाईंनी हे समजावल्यावर आजीची गाणी पुन्हा सुरू झाली. मुलाने पहिला शब्द कोणता उच्चारला हे मी येथे सांगावे अशी वाचकांची अपेक्षा असेल. पण तो अजून फारसे बोलत नाही. हवी ती वस्तू चित्रावर बोट ठेवून मागतो, आणि त्यामुळे त्याचे रडणे पुष्कळच कमी झाले आहे.

मग खरी मदत कशाची होते? ह्याचे एक उत्तर आपल्या शेजारीच मिळते. गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत मिळून ६५ मुलांवर केलेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रिटनमध्ये सिद्ध झालेली एक पद्धत तेथे तज्ज्ञांऐवजी साध्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी वापरली. सहा महिन्यांत बारा बैठका. आई मुलाशी खेळत असताना तिचे चित्रण करायचे, मग ते तिच्याबरोबर बसून पाहायचे, आणि मुलाने केलेली बारीकशी खूण कोठे दिसते, तिला आपण कसा प्रतिसाद दिला, हे तिलाच शोधू द्यायचे. त्यातून आईचा प्रतिसाद मुलाच्या कलाने जाऊ लागला आणि मूल आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. सर्वच मोजमापांत यश आले असे नाही. परस्परांत लक्ष वाटून घेण्याच्या एका मोजमापात उलट घटही दिसली. तथापि पदव्यांची भिंत न उभारता हे काम होऊ शकते, एवढे सिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेनेही दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी नऊ सामूहिक बैठका व तीन गृहभेटी असा एक पाठ्यक्रम आखला आहे, तोही तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनी चालवावा असाच. आपल्या जिल्हा रुग्णालयांतून २०१३ नंतर लवकर निदान व उपचारांची केंद्रे सुरू झाली. अंगणवाडीच्या तपासणीत आढळलेली मुले तेथे पाठवावयाची असतात. त्या केंद्रांतून अशा बैठका नियमाने भरल्या तर सहाशे रुपयांच्या प्रश्नाची धार बरीच बोथट होईल.

दुसरे उत्तर म्हणजे त्याच वाटेने आधी गेलेले पालक. ब्रिटनमधील राष्ट्रीय संस्था १९६२ मध्ये उभी राहिली ती पालकांच्या पुढाकाराने. दिल्लीतील 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था १९९१ मध्ये मेरी बरुआ ह्या एका आईने सुरू केली. हा योगायोग नव्हे. आमच्या सहकाऱ्यांच्या पत्नीला कोणत्याही समुपदेशनापेक्षा उपयोग झाला तो उपचार केंद्राच्या बाकावर भेटलेल्या, सतरा वर्षांच्या मुलाच्या आईचा. त्या बाईंनी धीर वगैरे काही दिला नाही. मुलाचे केस कापायला दुकानात कोणत्या वेळी न्यावे, डब्यात रोज तीच पोळी मागतो त्याची काळजी किती करावी, एस.टी.त ओरडू लागला तर लोकांना एका वाक्यात काय सांगावे, एवढेच सांगितले.

'आमच्यामागे ह्याचे काय?' हा प्रश्न मूल तीन वर्षांचे असतानाच पहिल्या रात्री उभा राहतो. त्याला उत्तर देण्याच्या भरीस कोणी पडू नये. मात्र कायद्याने काय देऊ केले आहे हे कागदावर मांडून देणे कोणाही सुशिक्षिताला शक्य आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचे नावच नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ते आले. अठरा वर्षांनंतरच्या पालकत्वाची सोय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे आली आणि पुढे 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना निघाली, जिच्यात ठरावीक मर्यादेत नियमित उपचारांचाही खर्च मिळतो. २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकारच्या अपंगत्वांत ऑटिझमचा समावेश केला आणि किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. प्राप्तिकरातही सवलत आहे, पण जुनी करपद्धती निवडणाऱ्यालाच. नव्या पद्धतीच्या मोहात ती अनेकांच्या हातून सुटते.

ह्या सर्वांची किल्ली एक, अपंगत्वाचे प्रमाणपत्र. ते काढण्यास नातेवाईकांचाच विरोध असतो. 'आत्तापासून शिक्का कशाला मारून घेता? पुढे धाकटीच्या लग्नात अडचण येईल.' आमच्या सहकाऱ्यांनी वर्षभर ह्याच कारणासाठी अर्ज केला नाही. माझे मत स्पष्ट आहे. प्रमाणपत्र कपाळावर चिकटवावयाचे नसते; ते कपाटात ठेवता येते आणि लागेल तेव्हा काढता येते.

अखेर गेल्या वर्षी त्यांनी अर्ज भरला. अर्ज भरायला आमच्या ग्रंथपालांनी मदत केली. तपासणीच्या दिवशी चाळीस मुद्द्यांच्या मोजपट्टीवर मुलाचे वागणे तपासले जाते आणि त्याला वेळ लागतो. रुग्णालयातील गर्दीत तीन तास थांबणे त्याला असह्य होईल म्हणून मी आणि आमचे एक शिपाई सकाळी सातला जाऊन रांगेत उभे राहिलो, आणि नंबर जवळ आल्यावर फोन केला. त्या दिवशीचे प्रवेश-खिडकीचे काम दोन सहकाऱ्यांनी वाटून घेतले. रविवारी सकाळी दोन तास मुलाला मैदानावर नेण्याचे काम आता शेजारच्या बी.कॉम.च्या विद्यार्थ्याने पत्करले आहे. तेवढ्या वेळात ते पतिपत्नी झोपतात. पुतण्याच्या मुंजीला मात्र त्यांना अजून कोणी मुलासह बोलावलेले नाही. 'त्याला गर्दीचा त्रास होईल ना', असे काळजीच्या स्वरात सांगण्यात आले. आईने ती पत्रिका, त्याचे नाव नसलेली, फ्रिजवर लावून ठेवली आहे.